लांबच्या लेकरांची प्रार्थना

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली सप्तपर्णी पुन्हा फुलली आहे. दिवसा तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. सूर्य कलला की मात्र तिचा जड, गोडसर, डोकं धरणारा वास सगळ्या गल्लीत उतरतो आणि खिडक्या लावल्या तरी घरात येतो. पूर्वी हा वास आला की मी फराळाचे डबे घासायला काढायची. आता वास येतो आणि मी पलंगाच्या कडेला बसून राहते. दिवाळी आली, पडदे धुवायचे, जाळी काढायची, भाजणी दळून आणायची, हे सगळं एकामागून एक मनात येऊन जातं. त्यातल्या एकासाठीही शरीर उठत नाही.

गेल्या वर्षीचा हा मोसम अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. माणसाला आठवणी डोक्यात असतात म्हणतात. माझ्या त्या कंबरेत आहेत.

गेल्या वर्षीच्या श्रावणात यांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. इथल्या रिछाई भागातल्या एका कारखान्यात जन्मभर फोरमनकी केलेला माणूस. मशीन चालू असताना त्यांनी मारलेली हाक शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची, असं त्यांचे सोबती सांगायचे. तोच माणूस आता 'पाणी' म्हणायचं तर ओठ जुळवता जुळवता थकायचा आणि शेवटी डाव्या हातानं चमचा वाटीवर वाजवायचा. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती, कूस बदलत राहा, पाठीला जखम होऊ देऊ नका. ऐकायला किती सोपं. पण यांचं अंग भरलेलं, आणि माझं ते काय असणार, साठी ओलांडलेल्या, जन्मभर शाळेत भूगोल शिकवून गुडघे झिजवलेल्या बाईचं.

ते काम निभावलं ते मार्थादीदीमुळे. आमची आणि तिची भिंत एक आहे. मार्थादीदी मूळची अचलपूरकडची, तरुणपणी नर्स होऊन जबलपूरला आली आणि इथलीच झाली. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन रायपूरला. मी वर्ध्याची, लग्न होऊन आले. या गल्लीत मराठी बोलणारी घरं दोनच, एक तिचं आणि एक माझं. बाकी सगळीकडे हिंदी. भाजीवाल्याशी हिंदी, बँकेत हिंदी, शेजारणींशी हिंदी, आताशा स्वप्नातही हिंदी येतं. त्यामुळे ओट्यावर उभी राहून मार्थादीदी जेव्हा म्हणायची, "वहिनी, काय करून राहिल्या?" तेव्हा तो प्रश्न नुसता चौकशीचा नसायचा. त्यात माहेर असायचं.

तिनंच मला ती आडव्या चादरीची रीत दाखवली. रोग्याच्या पाठीखाली घडी केलेली चादर आडवी घालून ठेवायची. एकीनं पलंगाच्या या बाजूनं धरायची, दुसरीनं त्या बाजूनं, आणि एकदम उचलायची. माणूस आपोआप कुशीवर वळतो, कातडी घासत नाही. सकाळी दूध तापवायच्या आधी ती यायची, दुपारी यायची, दिवेलागणीला यायची. मी बोलावलं नाही, तिनं विचारलं नाही. आपल्याकडे शेजाऱ्याला अशा वेळी आमंत्रण लागत नाही.

आमच्यात वर्षानुवर्षांचा एक अलिखित नियम होता. मार्थादीदी प्रसाद खात नाही. ती ख्रिस्ती, तिच्या चर्चच्या मंडळीत देवापुढे ठेवलेलं खात नाहीत. नवीन होते तेव्हा एकदा सत्यनारायणाचा शिरा तिच्या हातावर ठेवला आणि तिनं तो कागदात गुंडाळून हळूच ओट्यावर ठेवला, तेव्हा मला राग आला होता. मग कधीतरी समजूत पडली. तेव्हापासून दिवाळीला नैवेद्य दाखवायच्या आधी मी तिचा डबा भरून वेगळा ठेवते. चकली, शेव, अनारसे. देवाच्या आधी तिचा वाटा निघतो. मी तिला म्हणायची, बघा, आमच्या देवापेक्षा तुमचा मान मोठा. ती हसायची आणि नाताळात केक घेऊन यायची, तो मात्र अंड्याशिवायचा.

तर गेल्या वर्षीचं नवरात्र असं गेलं. देवीच्या मिरवणुका मोठ्या रस्त्यावरून जायच्या, ढोल-ताशांनी खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि प्रत्येक ठोक्याला यांचा डावा हात दचकायचा. मी तो धरून बसायची. दसरा झाला. सिहोऱ्याकडून शिंगाड्यांच्या गाड्या येऊ लागल्या. हिरवे, काळपट, चिखलाचा वास असलेले शिंगाडे. यांना ते उकडलेले फार आवडतात. मी सोलून, कुसकरून, पातळ करून चमच्यानं भरवायची, आणि अर्धे तोंडातून बाहेर यायचे. पुसायचं, पुन्हा भरवायचं. त्या दिवसांत मला वाटायचं, माझ्या हातांना आता पुसण्याखेरीज दुसरं काही येत नाही.

आणि रविवारी अनुपचा फोन यायचा. अनुप आमचा एकुलता एक, कॅनडात. शिकायला गेला आणि नोकरीला लागला. तो विचारायचा, बाबा कसे आहेत, आणि मी म्हणायची, सुधारणा आहे. मी विचारायची, तुझं कसं चाललंय, आणि तो म्हणायचा, एकदम मस्त. इथे खूप आपले लोक आहेत, दिवाळीला मंडळाचा मोठा कार्यक्रम आहे, मित्रांकडे जेवणं आहेत. हे आमचं बोलणं ठरलेलं असायचं, शाळेतल्या प्रार्थनेसारखं. फोन ठेवला की मला बरं वाटायचं. निदान पोर तरी सुखात आहे.

शरद पौर्णिमेच्या सुमारास यांच्यासाठी डोकं वर-खाली करता येणारा लोखंडी पलंग मिळाला. मार्थादीदीनंच कोणाकडून तरी मिळवून दिला. तो लावायला तिच्या प्रार्थनेच्या गटातल्या दोन बायका आल्या होत्या. चांगल्या बायका. पदर खोचून त्यांनी जुना पलंग हलवला, नवा लावला, जमीनही पुसली. मी चहा केला. त्यातली तरुण होती ती सरिता, गोहलपुरात राहते, शिवणकाम करते. कप हातात घेऊन ती अगदी मनापासून मला म्हणाली, "आंटी जी, आप चिंता मत करिए. आपके बेटे का नाम हम रोज़ प्रार्थना में लेते हैं."

मला कळेना. यांचं नाव घेत असतील तर समजण्यासारखं होतं. पण बेटे का? मी विचारलं. ती सांगू लागली की दरवर्षी दिवाळीच्या आधी त्यांचा गट परदेशात राहणाऱ्या हिंदूंसाठी प्रार्थना करतो. घरापासून लांब, सणाला एकटे, त्यांच्यापर्यंत प्रभूचं प्रेम पोचावं, त्यांनी त्याला ओळखावं. देशांची, शहरांची नावं घेतात. या वर्षी दीदीनं अनुप भैयाचं नाव दिलंय. ते सांगताना तिचा चेहरा उजळला होता. मार्थादीदी पलंगाचा खटका घट्ट करत खाली वाकली होती. तिनं मान वर केली नाही.

त्या गेल्या. मी कप विसळले. माझ्या घरात उभं राहून, माझ्या नवऱ्याची कूस बदलून, ही बाई माझ्या मुलाला तिच्या देवाकडे ओढते आहे, एवढंच मला त्या क्षणी दिसत होतं. रोज तीन वेळा पाहिलेले तिचे हात मला एकदम परके वाटले.

दिवेलागणीला ती आली तेव्हा मी तिला ओट्यावरच थांबवलं आणि सरळ विचारलं, माझ्या मुलासाठी तुम्ही नक्की काय मागता.

ती खाली बसली. तिचेही गुडघे दुखतात. म्हणाली, "त्याची तब्येत मागतो. त्याले शांती मागतो. आणि त्यानं प्रभूले ओळखावं, हे पण मागतो. मी तुमच्याशी खोटं नाही बोलणार, वहिनी."

"त्याला देव आहे," मी म्हणाले. "त्याच्या घरात देव्हारा आहे. मी दिलेला."

"माहीत आहे मले."

"मग?"

तिनं आपले गुडघे चोळले. मग म्हणाली, "ज्याच्यावर जीव असते त्याच्यासाठी माणूस आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं मागते. माझ्याजवळ तेच आहे. दुसरं काय मागू?"

मी म्हटलं, पण नाव माझ्या मुलाचंच काहून? इतके लोक आहेत जगात. तेव्हा तिनं जे सांगितलं त्यानं मी जास्तच पेटले. अनुप तिला फोन करत होता. यांच्या आजारपणानंतर, बापाचं खरं काय आहे ते विचारायला. आई नीट सांगत नाही म्हणून. आणि मग हळूहळू स्वतःचंही तिच्याशी बोलायला लागला होता. काय बोलतो, हे मी विचारलं. ती म्हणाली, त्यानं मला सांगितलंय ते त्याचं आहे, तुम्ही त्यालाच विचारा.

मी उठले. म्हटलं, आता मला एकटीला जमतं. तुम्ही उद्यापासून त्रास घेऊ नका.

ती "बरं" म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत उठून गेली.

मला जमत नव्हतं हे सांगायला नको. आडवी चादर एकटीनं ओढली की माणूस वळत नाही, घसटतो. यांच्या तोंडून एक आवाज निघायचा, दुखल्याचा, आणि डोळे दाराकडे जायचे. त्यांना बोलता येत नव्हतं पण कळत सगळं होतं. रोज येणारी बाई का येत नाही, हे ते डोळ्यांनी विचारायचे आणि मी चादर नीट करण्याचं नाटक करायची. भिंतीपलीकडून तिच्या घरातला नळ ऐकू यायचा, कुकरची शिट्टी ऐकू यायची. कधीतरी खोकला. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन म्हाताऱ्या आपापल्या देवांना घेऊन बसलेल्या.

त्या दिवसांत मी फार विचार केला, आणि थकलेल्या माणसाचा विचार पुढे जात नाही, तो एकाच जागी फिरतो. मला सरिताचे शब्द आठवत राहिले. घरापासून लांब राहणारे हिंदू. म्हणजे अनुप. पण मीही काय वेगळी होते? वर्धा सोडून उभा जन्म गेला. माहेरची भाषा एका शेजारणीपुरती उरलेली. दिवाळीला दारात रांगोळी काढली तरी समोरून जाणारी 'भाभी जी, बहुत सुंदर' म्हणून पुढे जाते, त्या रांगोळीत गोपद्म कुठे आहे हे कोणाला ठाऊक नसतं. सणाच्या दिवशी एकटं असणं कॅनडातच होतं असं थोडंच आहे. आणि मार्थादीदी? ती तर इथे माझ्याहून एकटी. हिंदी बोलणाऱ्यांत मराठी, मराठी बोलणाऱ्यांत ख्रिश्चन. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावल्याचं मला आठवत नाही. मीही नाही.

असं सगळं कळत होतं तरी राग जात नव्हता. खरं सांगायचं तर राग प्रार्थनेचा राहिलाच नव्हता. माझ्या पोराला बोलायला ती सापडली आणि मी नाही, हे खुपत होतं.

धनत्रयोदशीच्या सकाळी यांना वळवताना माझ्या कंबरेत लचक भरली. पलंगाची कड धरून मी तशीच वाकलेली राहिले, सरळ होता येईना. तोंडातून काय आवाज निघाला कोण जाणे, पण भिंतीपलीकडे तो पोचला. मार्थादीदी आली. चपला दारात काढल्या, हात धुतले, पलंगाच्या पलीकडे गेली आणि चादरीचं टोक धरलं. मी इकडचं धरलं. एकदम उचललं आणि हे कुशीवर वळले. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला तो आम्हा दोघींना ऐकू आला. मग तिनं माझ्या कंबरेला शेक दिला आणि गेली. संध्याकाळी पुन्हा आली. तशीच, न बोलता.

त्या वर्षी मी फराळ केला नाही. बाजारातून आणला. मार्थादीदीचा डबा भरताना हात थांबला, आणि मग भरला. नैवेद्याच्या आधीच.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी डबा घेताना ती म्हणाली, "आज आम्ही प्रार्थनेले बसून राहिलो माझ्या घरी. तुम्ही या. काय मागतो ते कानानं ऐका."

मी जाणार नव्हते. पण पूजा आटोपली, यांना औषधानं झोप लागली, पणत्या लावून झाल्या आणि बाहेर फटाक्यांचा धूर दाटायला लागला, तेव्हा माझे पाय आपोआप तिच्या ओट्याकडे गेले. माझ्या पोटच्या पोरासाठी कोणी काही मागत असेल तर ते मला ऐकायचंच होतं. आमच्या दोन्ही घरांची दारं उघडी ठेवली होती. यांनी वाटी वाजवली असती तर ऐकू आलं असतं.

चार-पाच बायका सतरंजीवर बसल्या होत्या. मला दाराजवळ खुर्ची दिली. जरीची साडी आणि कपाळाला हळदीकुंकू अशी मी तिथे बसले, जशी पूजेवरून उठले तशीच. कोणी काही म्हटलं नाही. एक एक जण हिंदीत प्रार्थना करत होती. लंडन आलं, दुबई आली, कुठली कुठली बेटं आली, जिथे आपले लोक शतकापूर्वी ऊस तोडायला गेले. त्यांची घरं राखली जावीत, सणाच्या दिवशी कोणी उपाशी नसावं, आणि त्यांनी प्रभूला ओळखावं. जगाचा नकाशा मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवला. त्यावर अशी बोटं फिरताना कधी पाहिली नव्हती.

मग मार्थादीदीची पाळी आली. तिनं मराठीत सुरुवात केली. त्या खोलीत ते समजणारी मी एकटीच. तिची प्रार्थनेची मराठी वेगळी असते, पुस्तकातली, "हे दयाळू पित्या, तुझ्या सिंहासनासमोर" अशी. मला आमच्या पोथीची आठवण झाली. पण अनुपचं नाव आलं आणि तिची भाषा एकदम घरची झाली.

"हे लेकरू एकटं जेवते, प्रभू. त्याच्या ताटासमोर कोणी बसू दे. त्याच्या हाताले काम दे. आईशी खरं बोलाची त्याले हिंमत दे, आणि तिलेही दे." मी बसले आहे हे तिला माहीत होतं. "आणि तुझी ओळख त्याले होऊ दे."

सगळ्या "आमेन" म्हणाल्या. मी म्हणाले नाही. पण माझे हात जोडलेले होते, ते कधी जोडले गेले मला ठाऊक नाही.

घरी येऊन मी देवापुढे बसले. एकटं जेवते. हाताला काम दे. म्हणजे मित्रांकडची जेवणं नव्हती, मंडळाचा कार्यक्रम नव्हता, नोकरीही नव्हती. हे सगळं कळून रडू यायला हवं होतं, पण रडायलाही थोडी शक्ती लागते. मी नुसती निरांजनाकडे बघत बसले. आणि एक गोष्ट मनात स्वच्छ उभी राहिली. शेवटचं ते वाक्य तिनं माझ्यासमोर गाळलं नाही. गाळलं असतं तर मला त्या क्षणी बरं वाटलं असतं, पण मग तिच्या बाकीच्या प्रार्थनेवरही माझा विश्वास बसला नसता. माझ्या तोंडावर एक आणि पाठीमागे एक मागणारी बाई ती नव्हती. मला तिचं मागणं मान्य नव्हतं, आजही नाही. पण तिच्यावर राग धरायला आता जागा उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळपासून गल्लीत मोरपिसं घेतलेले, दिवारी म्हणजे इकडची दिवाळीची गाणी गाणारे ढोलकी बडवत फिरत होते. मी यांना उटणं लावलं, गरम पाण्यानं अंग पुसलं, निजल्याजागीच ओवाळलं. ओवाळणी म्हणून त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

दिवेलागणीला, म्हणजे अनुपची सकाळ झाली तेव्हा, मीच फोन लावला. तो पडद्यावर आला. हसला. म्हणाला, "आई, हॅपी दिवाळी! इथे काल एकदम मस्त झालं सगळं."

मी विचारणार होते, तुझी नोकरी कधी गेली? शब्द तयार होते. पण ते विचारलं असतं तर तो पुन्हा काहीतरी जुळवून बोलला असता, आणि त्यात त्याची काय चूक? ती रीत त्यानं माझ्याकडूनच उचलली होती. म्हणून मी काही विचारलंच नाही. म्हटलं, "अनुप, मी फार थकले रे."

त्यानं फोन तोंडाजवळ आणला.

मी त्याला सगळं सांगितलं. बाबांची सुधारणा वगैरे काही नाही. त्यांना वळवताना माझी कंबर गेली. मला धड झोप मिळत नाही. कधी कधी मी स्वयंपाकघरात जाऊन नुसती भिंतीला डोकं टेकून उभी राहते. हे बोलताना मी रडत नव्हते, भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होते.

त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. हसू उतरलं आणि खालून माझा मुलगा दिसायला लागला, लहानपणी परीक्षेत पेपर अवघड गेला की दिसायचा तसा. म्हणाला, "मी पण थकलो, आई." मग त्यानंही सांगितलं. कंपनीनं माणसं कमी केली त्यात त्याची नोकरी उन्हाळ्यातच गेली होती. आता तो एका गोदामात माल उचलायचं काम करत होता, तेही रोज मिळत नव्हतं. काल लक्ष्मीपूजनाला त्यानं खोलीत एक मेणबत्ती लावली, खिचडी केली आणि झोपला. मंडळात गेला नाही, कारण तिथे प्रत्येक जण विचारतो, सध्या कुठे असतोस.

"मला का नाही सांगितलंस?" एवढंच मी विचारलं.

तो म्हणाला, "तू एवढी खूश असायचीस फोनवर."

त्यानंतर आम्ही फार बोललो नाही. फोन मात्र बंद केला नाही. त्यानं तो टेबलाला टेकवून ठेवला आणि चहा करायला लागला. मी इकडे यांना पेज भरवू लागले. तो अधूनमधून विचारायचा, बाबांनी गिळलं का. मी सांगायची, हो. कितीतरी वेळ आम्ही तसेच एकमेकांच्या घरात वावरत होतो.

पुढचं सगळं चमत्कारासारखं झालं असं नाही. त्याला हिवाळ्यात दुसऱ्या एका लहान गावात नोकरी मिळाली, पहिलीपेक्षा हलकी. होळीला तो आला, थोडे दिवस राहिला. बापाची दाढी केली, आडव्या चादरीचं एक टोक धरायला शिकला. मार्थादीदीकडे रोज संध्याकाळी जाऊन बसायचा. तिकडे काय बोलायचे, मी विचारलं नाही. परत गेल्यावर आता तो फोनवर कुरकुर करतो, थंडीची, साहेबाची, स्वतःच्या हातच्या भाजीची. मीही करते. आमचे फोन पूर्वीइतके गोड नसतात. ते ठेवल्यावर मला बरं वाटतंच असंही नाही. पण झोप येते.

हे तसेच आहेत. चमचा डाव्या हातानं धरतात, एखादा शब्द उमटतो, बाकी पलंग तोच आणि चादर तीच. मार्थादीदीचा देव तिच्याजवळ, माझे माझ्याजवळ. ती अजून अनुपसाठी ते मागत असणार, मला खात्री आहे. आम्ही त्यावर बोलत नाही असंही नाही. एकदा मी म्हटलं, तुमच्या प्रभूला सांगा, माझा मुलगा आहे तिथे बरा आहे. ती म्हणाली, सांगते, पण तो माझं ऐकते तितकं तुमचं ऐकणार नाही. आम्ही दोघी हसलो. यांनीही डाव्या ओठानं हसल्यासारखं केलं.

परवा दुपारी ती आली. यांना वळवून झालं. मी खुर्चीत बसले होते, ती पलंगाच्या कडेवर. खिडकीतून ऊन आत आलं होतं, शरदातलं, पांढरं. म्हणाली, दिवाळीची प्रार्थना सुरू होते आहे पुढच्या आठवड्यात. मग थोडं अडखळून विचारलं, "वहिनी, यंदा अनुपचं नाव घेऊ?"

गेल्या वर्षी न विचारता दिलेलं नाव या वर्षी ती विचारून घेत होती. मी यांच्याकडे पाहिलं. ते झोपले होते.

"घ्या," मी म्हटलं. "माझंही घ्या. पण दीदी, माझ्यासाठी ती ओळख-बिळख नका मागू. माझ्यासाठी झोप मागा. दुसरं काही नको."

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. माझ्या तोंडाकडे पाहिल्यावर तिला कळलं, ही थट्टा नव्हती. तिनं तिथल्या तिथे डोळे मिटले, एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि हळू आवाजात सुरुवात केली. पुस्तकातल्या मराठीत नाही, आपल्या अचलपूरच्या. "प्रभू, ही बाई लई थकली आहे..." एवढं मी ऐकलं. तिचा हात गरम होता. आवाज एका लयीत चालला होता, दूरवर कोणी जात्यावर बसावं तसा.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. माझ्या अंगावर शाल होती. यांची कूस बदललेली होती, तोंड पुसलेलं होतं आणि मार्थादीदी पलीकडे बसून शिंगाडे सोलत होती.

आमेन कधी झालं, मला कळलंच नाही.